आकडा टाकणारे सर

‘मला वाटतं’ असं कुणी म्हणालं की सर हातातला चहा खाली ठेवत. मग समोरच्याचं काही खरं नसे. महाडच्या ऑफिसात मी रुजू झाले त्याच दिवशी प्रोग्राम मध्येच बंद पडला आणि मी म्हणाले, “सर, मला वाटतं मेमरी कमी पडत असेल.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “वाटायला घरी पाटा-वरवंटा आहे. इथं बघायचं असतं.”

हार्डवेअरच्या दुकानावर आमची एक खोली, मालक सोडून माणसं पाच. डोंगरातल्या वाड्यांवर आम्ही पर्जन्यमापक बसवले होते. पाऊस ठरावीक मापाच्या वर गेला की आमचा प्रोग्राम त्या वाडीतल्या घराघरांत दरडीच्या इशाऱ्याचा फोन लावी. एवढंच काम. पण मालक आल्यागेल्याला सांगत, “आमची सिस्टीम एआयवर चालते.” सर तिथंच बसून म्हणत, “माझी आई अंगणात पातेलं ठेवून पाऊस बघते. तिला पण एआय म्हणा.”

ते आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे. वीस वर्षं मुंबईत नोकरी करून, आई एकटी पडली म्हणून परत आलेले. प्रोग्रामिंगच्या भाषा आतून कशा चालतात, हा त्यांचा विषय. आपण लिहिलेला प्रोग्राम संगणक थेट चालवत नाही. मध्ये सॉफ्टवेअरचंच एक यंत्र असतं, ते एकेक सूचना वाचून पार पाडतं, हे कॉलेजात मी पाठ केलं होतं. त्या यंत्राला मध्येच अडवून ‘आता काय चाललंय ते दाखव’ म्हणता येतं, हे मात्र सरांनी दाखवलं. पुस्तकात त्याला हूक म्हणतात, सर आकडा म्हणत. “विजेच्या तारेवर टाकतात ना, तसाच. फक्त इथं चोरी नाय, चौकशी.” आकडा टाकला की यंत्र दर ओळीला थांबून कुठं आहे, कुणी बोलावलं, हातात काय आहे ते सांगे.

मी मात्र प्रोग्रामभर ‘इथे आलो’, ‘इथे आलो’ अशा ओळी छापत बसे. सर मागून म्हणत, “काय गो, अष्टविनायकाला निघालीस?” कुणी बंद करून पुन्हा चालू करून बघू म्हणालं, तर तोंड वाकडं करत. “पुरावा जाळा आधी, मग चोर शोधा.” या माणसाशी दोन शब्द गोड बोलण्याची सोय नव्हती. डबा एकटेच खात, आणि तेही आमच्याकडे पाठ करून.

मग तो ऑगस्ट आला. कशेडी घाटात दरड येऊन रस्ता बंद, आणि सगळ्या वाड्यांवर एकाच वेळी पाऊस कोसळत होता. एका वाडीत आमचा फोन सकाळी जायला हवा होता, तो गेला दुपारी. तोवर दोन घरांच्या मागच्या भिंती मातीखाली गेल्या होत्या. माणसं वाचली, कारण ती आधीच उठून शाळेत जाऊन बसली होती. आमच्यामुळे नव्हे.

“नेटवर्क,” मालक लगेच म्हणाले. आम्ही चौघांनी माना डोलावल्या. नेटवर्क म्हटलं की कुणाचंच नाव येत नाही.

सरांनी त्या दिवसाच्या नोंदी ऑफिसातल्या संगणकावर पुन्हा त्याच प्रोग्रामला भरवायला घेतल्या. आकडा टाकण्याआधी ते नेहमी बघत, त्या जागी आधीच दुसरा आकडा बसलाय का. यंत्रात आकड्याला जागा एकच असते. त्या दिवशी ती रिकामी नव्हती. तिथं बसलेला आकडा कुणाचा, ते त्यांनी उघडून पाहिलं. मग आम्हाला बोलावलं.

“हा आकडा माझा. गेल्या महिन्यात टाकला होता. काढायचा राहिला.”

पाऊस कमी असताना दर ओळीचं ते थांबणं कुणाला जाणवलं नव्हतं. त्या दिवशी साऱ्या वाड्यांच्या नोंदी एकदम आल्या आणि रांगेत तुंबून राहिल्या.

“सर, कोणाला कळणार नाही,” मालक म्हणाले. “नेटवर्कच लिहू.”

“आणि पुढच्या वेळी बिघडलं की टॉवरवर चढून बघणार?”

सर घरी गेल्यावर मालकांनी मला वाडीला पाठवायचं पत्र टाइप करायला सांगितलं. ‘नेटवर्कमधील अडथळ्यामुळे विलंब झाला.’ मी ते केलं. नोकरीला वर्षही झालं नव्हतं, हे कारण मी स्वतःला पुरेसं मानलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्या पत्राची प्रत वाचली. “तू टाइप केलंस?”

“हो.”

मी टोमण्याची वाट बघत राहिले. तो आला नाही. त्यांनी आकडा काढला, चालू प्रोग्राममध्ये असा आकडा राहिलाच तर प्रोग्राम सुरूच होणार नाही अशी तपासणी घातली, मला ती नीट समजावून दिली आणि राजीनामा ठेवून छत्री उचलली. त्यानंतर ते ऑफिसला आले नाहीत.

गणपती झाल्यावर पर्जन्यमापक तपासायला मी त्या वाडीत गेले. त्या दिवशी झऱ्याचं पाणी गढूळ आलेलं बघून दरडीचा धोका ओळखणाऱ्या आणि सगळ्यांना शाळेत नेणाऱ्या पार्वतीबाई भेटल्या. त्यांनी पाण्याचा तांब्या दिला.

“तुमचं सर आलंवतं,” त्या म्हणाल्या. “फोन माझ्यामुळं उशिरा आला, रेंजचा दोष नाय, असं समद्यांपुढं सांगून गेलं. झऱ्याचं पन इचारलं, कवा गढूळ झालं, किती गढूळ. समदं लिवून घेतलं.”

“अजून काही बोलले?”

“बोललं ना. आता एक पोरगी येल, ती सांगंल ते खरं माना, म्हनालं.”

मी तांब्या खाली ठेवला. ‘नेटवर्कमधील अडथळा’ असं लिहिलेलं ते पत्र मीच टाइप केलं होतं, हे त्यांना सांगितलं.