साठ्यांची कोरडी फरशी

मोटारसायकलच्या इंजिनाचं जुनं पॅकिंग न काढताच मी त्यावर नवं बसवलं. रविवारची अख्खी दुपार खर्चून तेलगळती थांबवायला बसलो होतो, ती वाढवून उठलो. आता गाडीखाली कायमचा पुठ्ठा असतो.

शेजारच्या साठ्यांची गाडी माझ्या गाडीच्याच वयाची. तेही ती घरीच दुरुस्त करतात. तिच्याखालची फरशी मात्र जेवणाची पानं मांडावीत इतकी कोरडी. लोक दुसऱ्याच्या बंगल्यावर जळतात, मी हातभर फरशीवर जळतो. मत्सरही तेलासारखाच झिरपत असावा. कुठल्या सांध्यातून ते काही सापडत नाही, सकाळी खाली डाग तेवढा दिसतो.

आज तसा डाग चक्क साठ्यांच्या गाडीखाली दिसला. मी वाकून पाहिला, बोट लावून वास घेतला. तेलच. इतका हलका मी कित्येक दिवसांत जिना चढलो नव्हतो.

"साठ्यांचीही गळते," मी बायकोला सांगितलं.

कणीक मळता मळता ती म्हणाली, "काल ते गावाला गेले होते, तेव्हा सावली बघून त्यांच्या जागेवर गाडी कोणी लावली होती? फडकं घ्या आणि पुसून या."