तेल पाजलेला चेंडू

लग्नानंतर आमच्या घरात आलेली पहिली नवी चामड्याची वस्तू माझ्या पायांसाठी नव्हती.

खरं तर पैसे वहाणांसाठीच साठवले होते. नव्या सुनेने नारायणगडाच्या जत्रेला अनवाणी जाऊ नये, असं आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं म्हणणं. पण आमचे हे उमापूरच्या शाळेत मास्तर, आणि त्यांना क्रिकेटचं वेड! बॅट सुताराकडून बाभळीची करून घेतलेली (उचलायला दोन माणसं लागत), चेंडू चिंध्यांचा. तहसील कचेरीतले कारकून एकदा हसून म्हणाले, "मास्तर, आधी चामड्याचा चेंडू आणा, मग खेळू तुमच्याशी." ते ह्यांच्या फार जिव्हारी लागलं. वहाणा आणायला औरंगाबादेला गेले आणि लालभडक चेंडू घेऊन परतले.

"अन् वहाणा?" मी विचारलं.

"पुढच्या जत्रेला नक्की. कचेरीवाल्यांची जिरवतो का न्हाई बघ. याला कुनी हात लावायचा न्हाई. थेट सामन्यातच काढणार."

चेंडू फडक्यात बांधून फडताळात गेला. मी दोन दिवस बोलले नाही, तिसऱ्या दिवशी राग गेला (नवं लग्न होतं). मग गुपचूप चेंडू हातात घेऊन पाहिला, तर नुसता दगड. मी तेलगावच्या शेतकऱ्याची लेक. आमच्याकडे मोट असो की वहाण, नव्या कातड्याला तेल पाजल्याशिवाय कोणी वापरत नसे. शिकलेल्या माणसाला एवढं कुठलं कळायला! मी चेंडू करडीच्या तेलाच्या गाडग्यात सोडला.

चार दिवस तो पीत राहिला. सामन्याच्या पहाटे काढला, पदराने पुसला आणि पुन्हा फडक्यात बांधून जागेवर ठेवला. चेंडू फिका पडला होता आणि तेल लाल झालं होतं. पण तेल फेकून देण्याइतकं आमचं बरं चाललेलं नव्हतं. त्याच तेलाची मी पिठल्याला फोडणी दिली.

"आज रंग लई आलाय पिठल्याला," हे म्हणाले आणि आणखी मागून घेतलं.

सामना घरामागच्या माळावर. मी आणि आत्याबाई माळवदावर चढून पाहत होतो. तहसीलदारसाहेब पांढरीशुभ्र शेरवानी घालून खुर्चीत बसलेले. ह्यांनी फडकं सोडलं, चेंडूकडे जरा चमकून पाहिलं, पण मागे कसं फिरणार? धोतर खोचून धावत आले, हात फिरवला, आणि चेंडू हातातून निसटून मागे उडाला तो थेट साहेबांच्या मांडीवर. शेरवानीवर भाकरीएवढा डाग!

"मास्तर," साहेबांनी शांतपणे विचारलं, "ये गेंद है के भजिया?"

पुढचा चेंडू कारकुनाने अंगातलं सगळं बळ लावून टोलवला. पचकन आवाज झाला, तेल त्याच्याच डोळ्यांत उडालं आणि चेंडू दोन पावलांवर बसून राहिला. नंतर आमच्या बाजूची पाळी आली, तर तोच चेंडू आणि तीच गत. दोन्हीकडच्या मिळून पाच धावा झाल्या नसतील. शेवटी साहेब उठून गेले आणि सामना मोडला.

"तेलाचं गाडगं निम्म्यावर कशानं आलंय, ते कळलं मला," आत्याबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी माळवदावरच रडायला लागले.

हे घरी आले आणि चेंडू माझ्यापुढे ठेवला. "याला तेल कुनी पाजलं?"

"मी."

"कावून?"

"नवं कातडं हाय. तुमच्या हाताला चावलं असतं."

ह्यांनी चेंडूकडे पाहिलं, मग माझ्या अनवाणी पायांकडे. आणि असे हसत सुटले की खालीच बसले. "माझंच चुकलं. आदी वहाणाच घ्यायला पायजे होत्या."

पुढे वर्षभर गाव त्यांना भजीमास्तर म्हणत होतं. त्यांनी मला एका शब्दानेही दुखावलं नाही. उलट दुसऱ्याच दिवशी चेंडू घेऊन वहाणा शिवणाऱ्याकडे गेले. तळ माझ्या माहेरच्या जुन्या मोटेचे आणि अंगठे चेंडूच्या कातड्याचे, अशा वहाणा घालून मी नारायणगडाला गेले. एकदाही चावल्या नाहीत.

चेंडूची लाली कुठे गेली, हे मात्र ह्यांना अजून उमगलेलं नाही. अधूनमधून विचारतात. मी त्यांना पिठलं वाढते.