साडेचार मीटरची गल्ली

सांगलीच्या टोकाला, कुपवाडकडे जाताना, आमची गल्ली लागते. एका बाजूला एकेका गुंठ्याचे चार प्लॉट, दुसऱ्या बाजूला निवृत्त सुभेदार नानासोंचं घर आणि त्यांची लांबलचक कंपाउंडची भिंत. चारांपैकी दोन नंबरचा प्लॉट माझा. मी शाळामास्तर. प्लॉट घेतल्यावर तीन वर्षांत मी तिथं नावाची पाटी रोवली आणि दर दिवाळीला गवत काढून घेतलं. त्यापलीकडं काही केलं नाही.

शेजारचा एक नंबर शिवांजलीनं घेतला, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. कवठे महांकाळजवळच्या गावची मुलगी, मिरजेच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. तिचा नवरा साईराज कुपवाडच्या कारखान्यात मशीनवर. लग्नापासून दोघं एका खोलीत भाड्यानं राहत होती. त्यांनी आधी फ्लॅटच पाहिले होते. सगळ्यात लहान फ्लॅटचा हप्ता तिच्या अख्ख्या पगाराएवढा निघाला, तेव्हा दोघांनी तो नाद सोडला आणि दागिने मोडून हा गुंठा घेतला. घर कर्ज काढून बांधायचं ठरलं. बँक म्हणाली, आधी बांधकाम परवानगी आणा.

परवानगीची फाइल महिनाभरात परत आली. नियमाप्रमाणं समोरचा रस्ता सहा मीटर पाहिजे, आमचा होता साडेचार. प्लॉट विकणाऱ्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला मात्र ठाऊक होतं. माझीही फाइल याच कारणानं परत आली होती आणि मी ती कपाटात ठेवून दिली होती.

"सर, मग तुमी काय केलंत?" तिनं मला विचारलं.

"काय करणार? नियम आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातनं अर्ध्या दिवसाची रजा घेऊन थेट कार्यालयात गेली. तिथला इंजिनियर माणूस बरा होता. त्यानं सांगितलं, नियम मी बदलू शकत नाही. पण गल्लीतल्या सगळ्या मालकांनी मिळून दीड मीटर जागा रस्त्याला सोडली, तसा सगळ्यांच्या सह्यांचा कागद केला, मोजणी झाली, तर फाइल पुन्हा घेता येईल. बाहेर चहाच्या टपरीवर एका एजंटानं तिला गाठलं. नकाशात रस्ता सहा मीटर दाखवून देतो म्हणाला. "आणि उद्या आग लागली तर बंब त्या नकाशावरनं येणार हाय का?" असं त्याला विचारून ती निघून आली.

दीड मीटर म्हणजे पाच फूट. दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच घ्यायचे तर नानासोंची भिंत पाडावी लागणार होती. ती त्यांच्याकडं गेली तेव्हा मीही सोबत होतो.

"भिंतीला हात लावायचा न्हाई," नानासो म्हणाले. "बावीस वर्षं नोकरी केली, तवा ही उभी राहिली. माझी हद्द कुठंवर हाय ते मला पक्कं ठावं हाय."

"आवं काका, भिंत ऱ्हाऊ दे तुमची. पाचच्या पाच फूट आमच्या बाजूनं घेतो. तुमी फकस्त सही द्या."

मी चमकलो. आमच्या बाजूनं म्हणजे माझ्याही प्लॉटमधून. बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडलोच. "मला न विचारता माझे पाच फूट देऊन टाकलेस? दीडशे चौरस फूट जातात माझे!"

"माझे बी तेवढेच जातात, सर." तिचा आवाज चढला नव्हता. "तीन वर्षं तुमी हजार फुटांवर गवत वाढवलंय. त्यापेक्षा साडेनऊशेवर घर बांधा की."

मला राग आला होता आणि लाजही वाटली होती. दोन दिवस मी तिचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, आपल्याला घर बांधायचंय की नाही? मग मी कपाटातली फाइल काढून शिवांजलीकडं नेऊन दिली.

तीन नंबरवाला अर्जुना आटपाडीकडचा, मालाची टेंपोगाडी चालवायचा. तो ऐकताक्षणी तयार झाला. "माझी गाडीच वळत न्हाई हितं. घ्या पाच फूट, लय झालं." राहिला चार नंबर. त्याचे मालक शरच्चंद्र, बँकेतून निवृत्त झालेले वाईचे गृहस्थ, खंडाळ्यात मुलीकडं राहत. त्यांनी फोनवर सरळ नाही म्हटलं. त्यांना तिथं बांधायचंच नव्हतं, भाव आला की विकायचा होता.

एका रविवारी पहाटेच्या एसटीनं मी आणि शिवांजली साताऱ्याला आणि तिथून खंडाळ्याला गेलो. शरच्चंद्रांनी आम्हांला बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा नाहीच म्हणाले. "विकायची जागा मी कमी कशाला करून घेऊ? पाच फुटांचे पैसे देणार आहात का?"

"पैसे न्हाईत माझ्याकडं," शिवांजली म्हणाली. "एक विचारू? तुमचा प्लॉट घेणार कोण? आमच्यासारखंच कुणीतरी. नवं लग्न झालेलं, दागिने मोडून आलेलं. त्याला तुमी सांगणार का, की हितं परवानगी मिळत न्हाई म्हणून? आमाला कुणी सांगितलं न्हवतं."

शरच्चंद्र चष्मा पुसत राहिले. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "अहो, सांगणार होतात का?" त्यांनी विचारलं. त्यावर शरच्चंद्रांनी कागद मागून घेतला. वकिलाला दाखवून मगच सही करीन, असं म्हणाले. आठ दिवसांनी सही केलेला कागद पोस्टानं आला.

मोजणीच्या दिवशी नवीनच पेच उभा राहिला. नानासोंची भिंत जागच्या जागी होती. पण फाटकासमोरचा त्यांचा सिमेंटचा कट्टा गल्लीत दोन फूट पुढं आलेला निघाला. मोजणीदारानं तसं कागदावर लिहिलं. नानासो लालबुंद झाले. टेप चुकीची आहे म्हणाले, मोजायला त्यांनी स्वतःची टेप आणली. दोन फूटच आले. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"आता काय करायचं?" साईराजनं विचारलं. नानासोंची सही अजून व्हायची होती.

"उद्या परत जायचं," शिवांजली म्हणाली.

जायची वेळ आली नाही. सकाळी ती दोघं गल्लीत आली तेव्हा नानासो बनियनवर, हातात घण घेऊन कट्टा फोडत होते. साईराजनं घण मागितला तर दिला नाही. शेवटचा तुकडा बाजूला टाकून ते म्हणाले, "पोरी, कागद आण. कुठं सही करायची ते दाव."

तरीही परवानगी यायला आणखी पाच महिने गेले. फाइल दोनदा परत आली. एकदा नकाशात झाडं दाखवली नव्हती, एकदा कुणाची तरी बदली झाली होती. दर वेळी ती रजा टाकून जायची, त्रुटी लिहून आणायची, दुरुस्त करून पुन्हा भरायची. पाच फूट गेले, पुढं-मागं नियमाची जागा सोडावी लागली, म्हणून तीन खोल्यांच्या जागी दोनच बसल्या. "आईबाबा आले तर झोपणार कुठं?" साईराज म्हणाला. जिना बाहेरून घ्यायचा आणि कधीतरी वर एक खोली चढवायची, एवढंच दोघांनी ठरवलं.

मग कर्ज मिळालं, घर उभं राहिलं आणि मार्चमध्ये ती दोघं राहायला आली. बाहेरून गिलावा अजून नाही, खिडक्यांना ग्रिल नाही. पण रोज संध्याकाळी अर्जुनाची गाडी सरळ आत येते, वळते आणि उभी राहते. माझाही पाया खणून झालाय.

गेल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतली चार-पाच तरुण जोडपी तिच्याकडं आली होती. त्यांचाही रस्ता साडेचार मीटरचा. तिनं सगळ्यांना जमिनीवरच बसवलं, आमच्या कागदांच्या झेरॉक्स पुढं ठेवल्या आणि पहिलंच विचारलं, "पाच फूट सोडायला तुमच्यातलं कोण कोण तयार हाय? आधी त्यांनी हात वर करा."

जोडपी एकमेकांकडं बघू लागली. मग एका मुलीनं नवऱ्याकडं न बघता हात वर केला.