गुढियारीचा चौथा नंबर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसली अन् त्यातले दोघं हट्टी असले, की ते आपोआप साचतात. आमच्याकडं तर पाचही जण हट्टी! अन् नंबर लावणारी मी, म्हणजे विचारूच नका.

रायपूर तेव्हा नवीन नवीन राजधानी झालं होतं. ऑफिस होतं तर बोर्ड नव्हता, बोर्ड होता तर खुर्ची नव्हती. आठवडाभर कपाट कोणाचं यावर भांडायचं, अन् रविवारी शंकर नगरातल्या आमच्या भाड्याच्या घरी बसून बेसबॉलवर भांडायचं. हो, बेसबॉल! माझ्या दिरानं अमेरिकेतून एका गेमची सीडी पाठवली होती. त्यात आपली टीम बनवायची, खेळाडूंना नावं द्यायची, चेंडू कोण फेकणार अन् बॅटिंगला आधी कोण जाणार ते ठरवायचं. मॅच कम्प्युटर स्वतःच खेळून टाकतो. आपण नुसतं पाहायचं, फार तर चेंडू फेकणारा बदलायचा, अन् बोंबलायचं. खरा बेसबॉल आमच्यातल्या एकानंही पाहिला नव्हता, त्यामुळं सगळेच एक्सपर्ट!

टीमा पाच, नावं रायपूरच्याच वस्त्यांची. शंकर नगर चांदेकर साहेबांची. ते भोपाळहून बदलून आलेले, ऑफिसात माझे साहेब. पुरानी बस्ती त्यांच्या बायकोची, म्हणजे चांदेकर वहिनींची. बीरगांव बंडूची, म्हणजे ह्यांच्या दोस्ताची, तो तिथंच राहायचा अन् जवळच्या कारखान्यात फोरमन होता. टिकरापारा आमच्या ह्यांची. अन् गुढियारी माझ्या सासऱ्यांची. मामंजी रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, सारी नोकरी गुढियारीत राहून काढलेली.

कोणी लग्नाला गेलं, कोणाकडं पाहुणे आले, की त्याची मॅच राहून जायची. मग कम्प्युटरचा तक्ता काही खरा नसे. म्हणून ठरलं, की जिची स्वतःची टीम नाही तिनं दर रविवारी नंबर लावायचे. ती मी. पहिल्याच रविवारी मी गुढियारीला पाचवा नंबर लावला.

"पाचात पाचवा," मामंजी म्हणाले. "म्हणजे शेवटचा."

"हो, मामंजी."

"ठीक हाय. मले चौथा पायजे. पण तुह्याकडून नाही पायजे, खेळून पायजे!"

पुढच्या रविवारी गुढियारी पाचवी. त्याच्या पुढच्या रविवारीही पाचवीच.

*

ही गोष्ट आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात पसरली. भाजीवाल्याच्या गाडीपाशी शेजारीण मला म्हणते, "काहो, सासऱ्यालेच शेवटचा नंबर देता? घरात जेवायले भेटते का तुम्हाले?"

मी चिडले. म्हटलं, "सासरे घरात. तिकडं ते गुढियारी."

सासूबाई तिथंच भेंड्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिनं आत्ता लावला. मी तं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी लावला होता!"

*

बंडूला बेसबॉल कळत नव्हता, पण कारखाना कळत होता. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा दमला की त्याच्या जागी दुसरा आणता येतो. आम्ही बाकीचे एकालाच शेवटपर्यंत राबवायचो. बंडूनं सरळ तीन पाळ्या लावल्या. पहिली पाळी खेमू, त्याचा हुकमी माणूस; दुसरी पाळी दुकालू; तिसरी पाळी बिसाहू, तो जरा कच्चाच.

चांदेकर साहेबांनी हरकत घेतली. "हे नियमात बसतं का?"

"साहेब, आमच्याकडं मशीन बंद नाही होत, माणूस बदलते," बंडू म्हणाला. अन् बीरगांव धडाधड जिंकत दुसऱ्या नंबरवर!

मग एका रविवारी दुकालूची धुलाई सुरू झाली. जो येईल तो ठोकून राहिला. आम्ही सगळे ओरडलो, "बंडू, बदल ना बापा त्याले!" बंडू हाताची घडी घालून बसलेला. हातातली मॅच गेली, पण पोट्टा हलला नाही.

"काहून नाही बदलला?" मामंजींनी विचारलं.

"काकाजी, पाळी संपल्याशिवाय गेट नाही उघडत!"

*

चांदेकर साहेबांची त्याहून वरची तऱ्हा. बॅटिंगचा क्रम त्यांनी वयानं लावला. सगळ्यात म्हातारा खेळाडू पहिला, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. एक तरणाबांड पोरगा होता टीममध्ये, गेला की चेंडू पार बाहेर! त्याला शेवटी ठेवलेला.

वहिनी म्हणाल्या, "अहो, त्याला आधी पाठवा ना."

"वरिष्ठता डावलता येत नाही. उद्या बाकीचे कोर्टात गेले तर?"

वहिनींचं माहेर रायपूरचंच, भोसल्यांच्या काळापासून इथं राहिलेलं घराणं. त्यांनी वय-बिय काही पाहिलं नाही. ज्याची बॅट चालते तो पुढं! पुरानी बस्ती पहिल्या नंबरवर गेली अन् शंकर नगर घसरून तिसऱ्यावर आलं.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर बसवलं, चहा सांगितला. म्हणाले, "वंदनाताई, कालच्या नंबरांचा पुनर्विचार व्हावा असं वाटतं. घरात जेवताना फार ऐकावं लागतं."

मी चहा अर्धा ठेवून उठले. म्हटलं, "साहेब, इथं तुम्ही माझे साहेब. रविवारी तुम्ही तीन नंबर!"

तो सारा आठवडा त्यांनी मला एकही फाईल नीट दिली नाही. मीही पुढच्या रविवारी त्यांना तिसराच लावला.

*

दर महिन्याला एका खेळाडूला मानकरी निवडायचं, असं वहिनींनी सुचवलं. पहिला मान त्यांच्याच एका बॅट्समनला मिळाला. आता मान म्हटलं की शाल अन् श्रीफळ आलंच. आणलं. पण द्यायचं कोणाला?

वहिनी हात पुढं करून उभ्या राहिल्या. मामंजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही नाही मारले रन. ज्याचा सत्कार, त्याचाच करा."

मानकरी तर कम्प्युटरमध्ये! मग काय, सासूबाईंनी मॉनिटरच्या काचेवर कुंकू लावलं. ह्यांनी मॉनिटरला मागून-वरून शाल पांघरली, समोर नारळ ठेवला. अन् चांदेकर साहेब भाषणाला उभे राहिले.

साहेबांचं भाषण म्हणजे आधी नवीन राज्य, मग त्याचं भवितव्य, मग खेळाचं महत्त्व. मानकऱ्याचं नाव यायच्या आतच काहीतरी जळल्याचा वास आला. मागं वळून पाहतो तर पडदा काळा! शालीत गुदमरून मॉनिटर तापला अन् बंद पडला होता.

ह्यांनी शाल ओढून काढली. साहेबांच्या हातात भाषणाचा कागद तसाच.

मामंजी म्हणाले, "भाषणानं मारला पोट्ट्याले!"

*

मॉनिटर दुरुस्त होऊन आला, पण गुढियारी काही वर येईना. शेवटी मामंजींनी अमेरिकेला फोन लावायला सांगितला. म्हणाले, "तो तिथं राहून राहिला, तो सांगन न काय करायचं."

फोन लागला. मामंजी ओरडून बोलायचे, अमेरिका लांब आहे म्हणून. "अरे, बेसबॉल कसा जिंकतात, ते सांग!"

तिकडून दीर काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. मामंजींनी फोन ठेवला.

"काय म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणते, बाबा, मले काय मालूम. मी इथं क्रिकेट पाहतो!"

*

मामंजींच्या टीममध्ये फिरतू नावाचा एक खेळाडू होता. नाव मामंजींनीच ठेवलेलं. कम्प्युटरच्या मते तो सगळ्यात म्हातारा. दर रविवारी पडद्यावर सूचना यायची, की ह्याला काढा, नवा घ्या. मामंजी दर रविवारी नाही म्हणायचे.

वहिनींना दया आली. त्यांनी आपला एक चांगला पोरगा देऊ केला. "काकाजी, तुमचा फिरतू द्या मला, हा घ्या. चौथा नंबर कुठं गेला नाही मग!"

"वहिनी, फिरतूनं बदली नाही मागितली."

हे म्हणाले, "बाबा, पण त्याचं वय झालं."

मामंजी एकदम तापले. एरवी ते ह्यांच्यावर आवाज चढवत नसत. "वय झालं म्हणून माणसाले घरी बसवायचा कायदा माह्यावर लागला एकदा. हार घातला, घड्याळ दिलं, अन् दुसऱ्या दिवशीपासून कोणी विचारलं नाही. माह्या टीममध्ये तो कायदा नाही चालणार!"

त्या दिवशी माझ्या फार मनात आलं, द्यावा बाई एक नंबर वरचा. काय बिघडते? पण नाही दिला. असा दिला असता तर त्यांनी घेतलाही नसता, अन् वरून माझ्या बाकीच्या नंबरांची पत गेली असती. गुढियारी पाचवी.

*

आता शेवटचा सांगते.

ह्यांच्या बदलीचा ऑर्डर आला, जगदलपूर. आम्ही सगळेच जाणार, माझीही तिकडं बदली मिळालेली, कम्प्युटरही जाणार. म्हणजे खेळ संपला. शेवटच्या रविवारी दोनच मॅचा राहिल्या होत्या. पहिलीत ह्यांची टिकरापारा हरली. दुसरी होती गुढियारी अन् बीरगांवची. ती मामंजींनी जिंकली, तर टिकरापारा खाली अन् गुढियारी चौथी. मी तसं आधीच सांगून टाकलं, म्हणजे मागून कोणी कटकट नको.

मामंजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या.

मॅच सुरू झाली, अन् काय सांगू! गुढियारीनं बीरगांवला धू धू धुतलं. फिरतूनंसुद्धा दोनदा ठोकला. सासूबाई, ज्यांनी कधी पडद्याकडं पाहिलं नव्हतं, त्या खुर्ची ओढून बसल्या. मॅच संपली तेव्हा मी उभी राहिले अन् मोठ्यानं सांगितलं, "गुढियारी, चौथा नंबर!"

टाळ्याच टाळ्या! मामंजी चपला घालून बाहेर गेले अन् भर उन्हात नाक्यावरून पेढ्यांचा डबा घेऊन आले. स्वतःच्या हातानं सगळ्यांना वाटले. बंडूला देताना त्याची पाठ थोपटली. मग डबा हातात धरून ते पडद्यासमोर गेले. मॅचचा निकाल अजून तसाच उघडा होता. आपल्या पोट्ट्यांची नावं एकेक करून वाचून राहिले होते. वाचता वाचता थांबले.

"बंड्या, तुहा खेमू कुठं हाय?"

बंडूचा पेढा हातातच राहिला.

"पहिल्या पाळीले खेमू असते तुहा. इथं तं बिसाहू दिसून राहिला. दुसऱ्या पाळीलेही बिसाहूच!"

"खेमूले सुट्टी दिली, काकाजी," बंडू म्हणाला.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

बंडूनं चांदेकर साहेबांकडं पाहिलं. साहेब उभे राहिले. अर्धा पेढा तोंडात, अर्धा हातात. म्हणाले, "माझ्या."

समोर सासरे आहेत, हे मी विसरले. माझं डोकंच फिरलं! "माझ्या नंबरांशी खेळता? नियम नियम करून आमचा जीव खाणारे तुम्ही, साहेब?"

"काकाजी एकदा तरी वर यावेत, एवढंच वाटलं हो," साहेब म्हणाले.

मामंजींनी ह्यांना विचारलं, "मॅच सेव्ह केली का?"

"नाही अजून, बाबा."

"करू नको. सूनबाई, नंबर मागं घे. अन् तुम्ही सगळे पेढे मागं द्या."

आम्हाला वाटलं, रागात बोलून राहिले. पण ते खरंच डबा घेऊन प्रत्येकापुढं उभे राहिले. वहिनींनी ठेवला. बंडूनं ठेवला. साहेबांनी उरलेला अर्धा ठेवला.

"खेमूले काढ बाहेर," मामंजी बंडूला म्हणाले. "अन् दया-माया करशील तं याद राख!"

"हव, काकाजी."

मॅच पुन्हा सुरू झाली. खेमू काय फेकत होता! पण गुढियारीही सोडेना. एक रन इकडचा, एक रन तिकडचा. खोलीत कोणी खुर्चीत बसलेलं नव्हतं. शेवटी बीरगांव एका रननं पुढं, गुढियारीचा शेवटचा माणूस बॅटिंगला, अन् तो फिरतू. मामंजी पडद्याला नाक लावून म्हणत होते, "मार रे बापा, मार!"

फिरतूनं मारला. चेंडू उंच गेला, लांब गेला, अन् पार कुंपणापाशी बीरगांवच्या पोट्ट्यानं झेलला.

बंडू डोळे पुसून राहिला होता, जिंकून!

"लाव नंबर," मामंजी म्हणाले.

"पाचवा," मी हळूच म्हटलं.

"ऐकू नाही आलं. दर रविवारी कशी खणखणीत सांगते!"

"गुढियारी, पाचवा नंबर!"

मामंजींनी मान हलवली. शर्ट नीट केला. मग टेबलावरचा डबा उचलला, उघडला अन् सरळ चांदेकर साहेबांपुढं धरला.

साहेब गोंधळले. "आता हे कशाचे, काकाजी?"

"पाचव्या नंबरचे. घ्या. अन् तो अर्धा तुमचा हाय, साहेब, तो तुम्हीच घ्या!"