चाकाखालचं कुंकू

माझं अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नये. चौथीनंतर पेन हातात आलं ते वाण्याची यादी लिहायलाच. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी चुकून कुणाच्या हाती लागलं तर चुकांची माफी असावी.

अंधेरीत छोट्या विमानांचा तळ आहे. तिथे मुलामुलींना विमान चालवायला शिकवतात. आमचे हे तिथे विमानं धुतात, मी झाडू-पोछा करते. फार बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम बरं वाटतं.

दसऱ्याला तिथे विमानांची पूजा होते. कामावर सवाष्ण मी एकटीच, म्हणून ती माझ्याकडे. त्या वर्षीही मी प्रत्येक विमानाच्या चाकाशी रांगोळी काढली, चाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला.

दुसऱ्या दिवशी त्यातलं एक विमान धावपट्टीकडे निघालं. उडायचं लांबच, जमिनीवरून हळूहळू चाललं होतं. वळणावर थांबायला हवं होतं, ते थांबलंच नाही. सरळ लोखंडी कठड्यावर गेलं आणि पंख दुमडला. आतली शिकणारी मुलगी रडत उतरली. "सर, ब्रेक दाबला तर पाय आतच गेला!"

कुणाला लागलं नाही. पण ऑफिसातले साहेब चाकाशी वाकले आणि मग माझ्याकडे वळले. चाक लाल आणि तेलकट झालं होतं.

"बाई, कुंकू कशात कालवलं होतं?"

"पाण्यात," मी म्हटलं. ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

"पाणी असं बुळबुळीत असतं का? तेल लागलं म्हणून ब्रेक घसरला."

दुरुस्तीचे पैसे माझ्या पगारातून कापायचं ठरलं. विमानांच्या जवळ जायलाही बंदी झाली. विमानं दुरुस्त करणारे मेस्त्री गावी गेले होते. परत आल्यावर त्यांनी चाक उघडलं आणि ब्रेकचं सील, म्हणजे तेल अडवणारं रबर, फाटलंय म्हणाले. साहेब म्हणाले, "ते धडकेत फाटलं असेल." मेस्त्री हत्यारं आवरून निघून गेले.

घरी यांनी विचारलं, "खरं सांग, मारुतीच्या शेंदरासारखं तेलात नाही ना कालवलंस?"

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"विचारलं फक्त."

पण मी देवापाशी दिवा लावायला तेलाची बाटली उचलली की यांची नजर माझ्या हातावर असायची. मग मीही यांच्याकडे बघायला लागले. पूजेच्या आदल्या दिवशी त्या चाकापाशी शेवटी कोण होतं? हेच ना?

एकदा यांची पिशवी धुवायला काढली, तर तळाशी एक फडकं निघालं. लाल, तेलाने चिकट. यांनी चाकाला काहीतरी केलं आणि आळ माझ्यावर येऊ दिला? फडकं मी तांदळाच्या डब्यामागे लपवलं. साहेबांना दाखवावं तर यांची नोकरी जाणार, न दाखवावं तर माझा पगार कापला जाणार. पहिला पगार कापून आला तेव्हा हे माझ्याकडे न बघता जेवले.

शेवटी एका सकाळी मी ते फडकं यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझंच कुंकू," हे म्हणाले. "आदल्या दिवशी चाकाखाली सांडलं होतंस. साहेब ओरडतील म्हणून पुसलं मी."

"आदल्या दिवशी? तेव्हा मी कुंकवाची पुडी फोडलीसुद्धा नव्हती!"

यांचा कप तोंडाशीच राहिला.

त्याच दिवशी आम्ही फडकं घेऊन मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी वास घेतला. मग शेडमध्ये ते विमान पूर्वी उभं असायचं त्या जागेवर गेले. अपघातानंतर ते तिथे परत आणलंच नव्हतं. मला बंदी असल्यामुळे दसऱ्याची रांगोळीही कुणी झाडली नव्हती. मेस्त्रींनी नखाने रांगोळी उकरली. खाली तेलाचा डाग होता, आणि तेल शोषून पांढरी रांगोळी खालून लाल झाली होती.

मेस्त्रींनी साहेबांना बोलावलं. "हे बघा. तेल खाली, रांगोळी वर. म्हणजे गळती पूजेच्या आधीची. विमानाच्या ब्रेकचं तेल लालच असतं, साहेब." मग माझ्याकडे बघून हसले. "वहिनी, विमानाने तुमची वाट न बघता स्वतःच कुंकू लावून घेतलं होतं."

साहेब हसले नाहीत. "तुम्ही तिघांनी मिळून तर काही केलं नाही ना?" म्हणाले. पण खाली बसले आणि स्वतः बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "कापलेले पैसे देऊ."

माझा विश्वास बसला नाही. पुढच्या पगाराबरोबर अर्धेच आले, तेव्हा तर वाटलं, झालं, आता एवढेच. घरी हे म्हणाले, "मी तुला विचारायला नको होतं." मी म्हटलं, "मीही फडकं लपवलं होतं." त्याच्या पुढच्या महिन्यात ऑफिसातून मला हाक आली आणि साहेबांनी पाकीट टेबलावर सरकवलं. दारापाशी उभी राहून मी ते उघडलं. कापलेल्यातले राहिलेले सगळे पैसे त्यात होते.