नानांची नाडी

चोपड्याचे तोताराम नाना वैद्य. औषध कमी, बोलणं जास्त, अशी त्यांची ख्याती. मनगट धरलं की तीन प्रश्न ठरलेले: "भूक लागस का? पोट साफ व्हस का? झोप येस का?" त्यांच्या मते निम्मं शास्त्र एवढंच. वात, पित्त, कफ सगळ्यांच्याच अंगात. कोणाचं काय चढलंय ते बघायचं आणि पोटातला अग्नी सांभाळायचा. म्हणून एकाच दुखण्यावर हाडकुळ्या चिंधाला तूप, तर गुबगुबीत प्रेमराजला सुंठ आणि उपास. प्रेमराज अजून रुसलेला आहे.

एका गोष्टीवर मात्र नाना भडकत. रोगी दारातूनच "मला पित्त झालंय" म्हणाला की संपलं. "तूच वैद्य, मंग आठे कसाले उना?" इथे आलासच कशाला, असं म्हणून खरोखर परत पाठवत.

गेल्या हिवाळ्यात झुलालच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. जगाला पथ्य सांगणाऱ्या नानांनी तिथे दोनदा वाढून घेतलं, मी शेजारीच बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत जळजळू लागलं. थंडीत आमच्याकडे छाती जळली की दोष भरिताचाच. नानांनी मोरावळा खाल्ला, "पित्त शे" म्हणाले आणि आडवे झाले.

त्यांच्या पत्नी कोकिळाअक्का चुलीपुढून उठल्या.

"रोगीनी सोता रोगनं नाव सांगं का तुम्ही त्याले हाकली देतस. आते तुम्ही रोगी. हात दखाडा."

पुरुषाचा उजवा हात बघतात म्हणून नानांनी चिडून उजवा पुढे केला. अक्कांनी डावा धरला. सकाळपासून ते तोच चोळत होते. नाना कळवळले.

"हाऊ हात कवयपाईन दुखस?"

"सकायपाईन," नाना हळूच म्हणाले.

नाडीतलं अक्कांना ओ की ठो कळत नाही. त्यांनी शेजारच्या घरातून मला बोलावलं आणि गाडी काढायला लावली. जळगावपर्यंत त्यांनी नानांचा हात सोडला नाही. दुखणं हृदयाचं निघालं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले.

नाना आता पुन्हा रोगी बघतात. छाती दुखते म्हणणाऱ्याला आधी दवाखान्यात पिटाळतात. पण दार उघडण्याआधी रोज सकाळी ते स्वतः रोग्याच्या बाकावर बसून हात पुढे करतात. अक्का पिठाचे हात पुसून मनगट धरतात. बोटं भलत्याच जागी पडतात, नाना दुरुस्त करत नाहीत.

"चालू शे," अक्का म्हणतात, आणि मग नाना दार उघडतात.