पामच्या फळांची दोन पोती

पेट्रोल पंपावर डिझेलचा वास आला की ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या रेनफॉरेस्टमधली ती वस्ती आठवते. तिथल्या जनरेटरला डिझेल पुरत नसे, म्हणून रानातल्या पामच्या फळांपासून इंधन होतं का ते बघायला युनिव्हर्सिटीने मला पाठवलं होतं. दोन दिवस चिखलात वाकून मी दोन पोती फळं गोळा केली. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आंटींनी ती पाहून विचारलं, "मग कॅसोवरी पक्ष्यांनी काय खायचं?" मी म्हणालो, "पण वीज गेली तर फ्रिजमधलं तुमचं इन्सुलिन?" "जातेच की. मग ओढ्याच्या गार पाण्यात ठेवते." माझी कंबर मोडली होती, तरी मी पोती झाडांखाली रिकामी केली. ते काम कधीच सुटलं. आंटी हयात आहेत का, हे विचारायचा धीर मात्र अजून होत नाही.